मागची दोन चाकं

माझ्या धाकट्या भावाने आपली गाडी खाली बसवून घेतली, तेव्हा कोंढ्यापासून लाखांदूरपर्यंत ज्याला त्याला हसायला एक विषय मिळाला. खाली बसवली म्हणजे स्प्रिंगा बदलून तिची उंची कमी केली. नागपुरात पोरं हौसेनं करतात असलं काही. त्यांच्याकडे रस्ते तसे आहेत. आमच्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टर लोखंडी चाकं लावून धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिखलणीला उतरतात आणि त्याच चाकांनी डांबरावरून घरी येतात. डांबर सोलून निघतं, दोन्ही बाजूंनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये उंचवटा राहतो. हिवाळ्यात तो वाळून असा टणक होतो की वरून बसकी गाडी गेली तर तिचं पोट फाडून काढेल. अशा रस्त्यांवर उंच गाडीवाला सुखी, आणि माझ्या भावाकडे चांगली उंच, चारही चाकं ओढणारी गाडी होती. तीच त्याने खाली केली. "हत्ती घेतला आन् त्याचे पाय कापले," असं गावातल्या एकाने मला तोंडावर ऐकवलं. मी माहेरी आलेली लेक, म्हणून हसण्यावारी नेलं. एरवी त्याला मी सोडला नसता.

खरं सांगायचं तर गाडी घेतली तेव्हा मीही काही कमी बोलले नव्हते. माझं सासर भंडाऱ्याला, पितळी भांड्यांच्या दुकानाचं. आमच्या घरात वस्तू वजनावर जोखायची सवय. भावाने नागपूरच्या एका ठेकेदाराची वापरलेली गाडी आणून दारात उभी केली, तेव्हा ती अख्ख्या अंगणाला पुरून उरली होती.

"तुले कायले पायजे एवढी मोठी?" मी विचारलं. "नवरदेव नेतोस का भाड्यानं?"

"ताई, नाल्यापल्याडची शेती आहे. पावसाळ्यात लोकं तिकडं अडकून पडतेत. हे चारही चाकानं ओढते."

"मंग बैल काहून इकले? ते बी चारही पायानं ओढत होते."

ओसरीत बसलेले बाबा यावर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग उठून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक चाकावर लाथ मारून पाहिली आणि भावाला म्हणाले, "याले चाबूक कुठी मारतेत, थे सांग पयले." भाऊ चिडला. दोघांचं जुंपलं. जेवणं होईपर्यंत चाललं.

ते दोघं रोजच भांडायचे. कोणत्या बांधीत कोणतं धान लावायचं, पाणी कधी सोडायचं, अंगणातली भिंत किती उंच करायची, काहीही पुरायचं. सकाळचा चहा उतरला की सुरू. आई होती तेव्हा म्हणायची, "ज्या दिवशी हे दोघं भांडले नाई, त्या दिवशी कोन बिमार आहे थे पाहाचं." बाहेरच्या माणसाला वाटायचं बापलेकांचं पटत नाही. पण दुपारी बाबांना जेवायला उशीर झाला तर भाऊ पहिला घास तोंडात घालायचा नाही. आणि बाबाही साऱ्या गावाला सल्ले देत फिरायचे, पण वाद घालण्याच्या लायकीचा माणूस त्यांना एकच वाटायचा, तो म्हणजे त्यांचा लेक. त्या घरात प्रेम म्हणजे तेच होतं, आणि मला त्याचा कधी कधी हेवा वाटायचा. माझ्याशी बाबा फार गोड बोलत.

बाबा पटातले धुरकरी होते. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. दिवाळी झाली, मंडई म्हणजे आमच्याकडच्या जत्रा भरल्या की गावोगावी पट लागतात. हलक्या छकडीवर उकिडवं बसून जोडी हाकतो तो धुरकरी. सारा जिल्हा एक होता तेव्हापासून बाबा पळवत होते. पुढे गोंदिया वेगळा झाला. कचेऱ्या वाटल्या गेल्या, साहेब दोन झाले, पण पटाची माणसं तीच राहिली. तिकडच्या गावांतून बोलावणं आलं की बाबा निघायचे. त्यांचा एक जोडीदार होता, लाखांदूरकडचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका जोडी धरून उभे राहायचे आणि बाबा हाकायचे. शर्यत संपल्यावर बाबा छकडीवरून उतरत तेव्हा अंगभर धूळ, धोतर पोटरीपर्यंत मातीने भरलेलं, आणि चालणं मात्र असं की लोक आपोआप वाट करून देत. माझ्या डोळ्यांपुढे बाबा म्हटलं की अजून ते चालणंच येतं.

मग कोर्टाने पट बंद केले. बाबांनी एक हंगाम वाट पाहिली, दोन पाहिले, शेवटी जोडी विकली. भाऊ गाडी घेऊन आला तो त्यानंतर. त्यामुळे माझा तो बैलांचा टोमणा तसा जिव्हारीच लागायला हवा होता. बाबा हसले, हा त्यांचा मोठेपणा.

त्यानंतर बाबांना लकवा मारला.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन शब्द तेवढे राहिले. "हाव", "नाई" आणि एक शिवी. हाव आणि नाई अडखळत यायचे, शिवी मात्र साफ यायची. सुरुवातीला आम्हाला त्याचं हसू यायचं, त्यांनाही यायचं. मग हळूहळू ती येणंही कमी झालं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तपासायला न्यायचं म्हटलं की त्यांना त्या उंच गाडीत चढवायचं कसं हा प्रश्न पडायचा. त्यांचा डावा पाय भक्कम होता, पण सीटपर्यंत पोचत नव्हता. मग शेजारची चार माणसं यायची. दोघं काखेत धरत, एक कंबरेला, एक पाय उचलून आत टाकी. "धरा, धरा, वर घ्या, हं, सरकवा." धानाचा बोरा ट्रकात चढवताना हमाल जे बोलतात अगदी तेच शब्द. एकदा तसं चढवताना त्यांचं धोतर सुटलं. समोर बायका उभ्या होत्या. त्या दिवशी दवाखान्यातून परत आल्यावर बाबांनी खाटेवर पडून भिंतीकडे तोंड केलं, आणि पुढच्या वेळी चार माणसं आली तेव्हा "नाई" म्हणाले. कितीही समजावलं तरी "नाई". मग डॉक्टरलाच घरी बोलावू लागलो. बाबा अंगणाच्या बाहेर पडायचे बंद झाले.

आणखी एक गोष्ट बंद झाली. भाऊ त्यांच्याशी भांडायचा बंद झाला. आता तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचा. "हाव बाबा. तुमी म्हणता तसंच करू बाबा." मी माहेरी गेले की ते ऐकून मला बरं वाटायचं. मनात म्हणायचे, पोरगा सुधारला. आजारी माणसाशी कसं वागावं हे त्याला कळतं. लोकही वाखाणायचे.

अशात पट पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली. काका फटफटीवर बसून मुद्दाम सांगायला आले. त्यांच्या गावी बऱ्याच वर्षांनी पट भरणार होता. बाबांच्या खाटेशेजारी बसून त्यांनी कोणाकोणाच्या जोड्या येणार ते सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तू नाई आला तं काय मजा? येशील का जी?"

बाबांनी काकांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाव."

काका गेल्यावर भावाने काय केलं, तर बाबांना खाटेच्या काठावर बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि सुतळीने जमिनीपासून त्यांच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोजलं. मग तीच सुतळी गाडीच्या पुढच्या सीटला लावून पाहिली. सीट बरीच वर होती. तो किती तरी वेळ दार उघडून तिथेच उभा होता. मला म्हणाला, "ताई, बाबा वर चढू नाई शकत ना, तं गाडीच खाली आणू." मला आधी काहीच समजलं नाही. समजलं तेव्हा मी आत गेले आणि डोळे पुसून बाहेर आले.

भंडाऱ्याला आमच्या ओळखीचा एक मिस्त्री होता. मीच भावाला तिकडे घेऊन गेले. मिस्त्रीने ऐकून डोक्याला हात लावला. "ऐसा मत करो भाऊ. लोकं ह्या गाडीले आणखी उंच कराले येतेत, अन् तुमी खाली कराले आले." भावाने त्याला सुतळी दाखवली. मिस्त्रीने कारण विचारलं, ऐकलं. जुन्या स्प्रिंगा कापू नका, गाडी उड्या मारेल, आखूड स्प्रिंगा नागपूरहून मागवतो, तोलून घेतलेल्या, असं त्याने सांगितलं. त्याप्रमाणे झालं. शॉकअप बदलले, चाकं सरळ करून घेतली. गाडी परत आली ती दबून बसलेली, चाकं मडगार्डात अर्धी आत शिरलेली. दिसायला खरंच वाईट दिसत होती. गाव हसलं ते तेव्हा.

पण बाबांनी काय केलं ते गावाने पाहिलं नाही. भावाने खुर्ची गाडीच्या दाराशी नेली. बाबांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली, डावा पाय रोवला, बूड सीटवर टेकवलं आणि एकेक पाय आत घेतला. उजवा पाय त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने उचलून आत ठेवला. कोणी हात लावला नाही. मग समोर बघत त्यांनी आपला तो तिसरा शब्द, ती शिवी, हासडली, खणखणीत. आम्ही सगळे हसलो आणि रडलो. त्या दिवशी भावाने त्यांना गावातून दोन फेऱ्या मारून आणलं. पारावर माणसं बसलेली पाहून बाबा डावा हात खिडकीबाहेर काढून बसले होते.

अडचण निघाली ती गावाबाहेर. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासू लागला. मोठी चाकं टाकली तर पोट वर उचललं जाईल हे भावाला माहीत होतं. पण चारही मोठी टाकली की सीटही वर जाणार, बाबा पुन्हा खाली राहणार. यावर तो बरेच दिवस डोकं खात होता. शेवटी म्हणाला, "दुकानातच जाऊन पाहू, बाबालेही नेऊ. त्यायचंही फिरणं होईल." भंडाऱ्याचा मोठा रस्ता चांगला होता. मीही मागच्या सीटवर बसले.

चाकांचं दुकान मिस्त्रीच्याच बाजूला. भावाने एकेक रिम आणून पुढच्या खिडकीशी धरली. बाबा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखे नाक मुरडत होते. ही नाई. ही नाई. एक काळी, जाड आऱ्यांची रिम होती, तिच्यावर त्यांनी डावा तळवा फिरवला, बोटांनी ठोकून पाहिली आणि "हाव" म्हणाले. भाऊ म्हणाला, "पण बाबा, चारही टाकल्या तं सीट वर जाते." बाबांनी मान हलवली. दोन बोटं वर केली आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. दोनच. मागच्या दोन.

काय सुचवत होते ते आम्हाला लगेच कळलं. ट्रॅक्टर रोज डोळ्यापुढे असलेल्या कोणालाही कळलं असतं. मागचं चाक मोठं, पुढचं लहान. पोटही उचलेल आणि पुढची सीटही खालीच राहील. मला तर ते एकदम पटलं. दोन्ही कामं झाली की. बाबांचा चेहरा जसा फुलला होता, तसा मी लकव्यानंतर पाहिला नव्हता.

मिस्त्रीने भावाला बाजूला बोलावलं. मीही गेले. हवा भरायच्या मशीनचा आवाज चालू होता, त्यामुळे गाडीत काही ऐकू जात नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, असं नाई चालत. ट्रॅक्टरचं अलग राह्यते, आपल्याकडच्या ट्रॅक्टरचे मागचेच ओढते. याचे चारही एकमेकाले बांधून आहेत. मागचं मोठं अन् पुढचं लहान केलं, तं दोघायची ओढाताण मधल्या डब्यात होते. तेल तापते, दाते खाऊन टाकते. यात एखादं बंद कराची सोय नाई."

"किती चालन?" भावाने विचारलं.

"गावातल्या गावात चालन. दूर नका नेऊ."

"तू बाबाले सांग ना समजावून," मी म्हणाले. "ऐकतीन ते. नाई ऐकले तं भांड."

तो माझ्याकडे बघायला लागला. "ताई, लकवा झाल्यापासून त्यायनं आज पयल्यांदा काही सांगितलं. त्याले बी नाई म्हणू का मी?"

मग तो गाडीकडे गेला आणि खिडकीत वाकून म्हणाला, "हाव बाबा. मागचेच दोन टाकू. बरोबर सांगितलं तुमी."

मागची दोन चाकं मोठी झाल्यावर गाडी पुढे झुकलेली दिसू लागली. गाव पुन्हा हसलं, "आता नांगर बी जोड," म्हणालं. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगठ्याने मागे दाखवायचे आणि मग आपल्या छातीवर बोट ठेवायचे. "हे मी सुचवलं," असा त्याचा अर्थ. पोट आता घासत नव्हतं.

पटासाठी मी भंडाऱ्याहून आदल्याच दिवशी येऊन राहिले होते. बाबांना पांढरं धोतर नेसवलं, खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी. ते स्वतः चढून पुढे बसले. आम्ही निघालो तेव्हा उन्हं नुकती अंगणात आली होती. बाबा ताठ बसले होते. कापलेल्या धानाच्या बांध्या दोन्ही बाजूंना मोकळ्या पडलेल्या, त्यात गुरं सोडलेली. मध्येच बाबा एखाद्या बैलाकडे बोट करून तोंड वाकडं करायचे, म्हणजे हा काही कामाचा नाही. भाऊ म्हणायचा, "हाव बाबा."

अर्धा रस्ता बरा गेला. मग वळणांवर गाडी अडखळायला लागली, कोणीतरी मागून धरून ठेवल्यागत. खालून घरघर यायला लागली. भावाने वेग कमी केला. मला जळक्या तेलाचा वास आला. मी आरशात भावाकडे पाहिलं, त्याने नजर चुकवली. काकांचं गाव समोरच्या झाडांच्या आड होतं. तिथला भोंगा ऐकू येऊ लागला होता. आणि तिथेच, एका वळणावर, आतून कडकन आवाज झाला आणि गाडी उभी राहिली ती राहिली.

भाऊ खाली उतरला, आडवा होऊन खाली पाहिलं, उठला. हात झटकत राहिला. भोंग्यावरून जोड्या पुकारत होते. अमक्या गावची जोडी, तमका धुरकरी, इतके सेकंद. सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बाबांनी काच पूर्ण खाली करून घेतली होती आणि मान आवाजाच्या दिशेने वळवली होती.

पटाला जाणारी माणसं थांबू लागली. एक ट्रॅक्टर ट्रॉलीत माणसं भरून चालला होता. त्यातल्या कित्येकांनी बाबांना ओळखलं. "अरे, धुरकरी बाबा होय! या जी, उचलून घेतो ट्रॉलीत. पाचच मिनिटात पोचतो." चारपाच जण उड्या मारून खाली आले, बाह्या सरसावल्या. मनाने चांगली माणसं होती. बाबांनी डाव्या हाताने दार आतून घट्ट धरलं. "नाई," ते म्हणाले. भाऊ म्हणाला, "बाबा, मी उचलतो. एकटा मी. कोनी हात नाई लावणार." "नाई." मी म्हणाले, बाबा, कोण पाहतंय, आपले लोक आहेत. "नाई." ज्या मैदानात माणसं त्यांना वाट करून देत होती तिथे ते ट्रॉलीतून उतरवले जाणार नव्हते. मला कळत होतं. तरी मला त्यांचा राग आला, आणि त्या रागाचीच लाज वाटून मी गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

ट्रॅक्टर गेला. परत येताना ओढून नेतो असं त्याचा चालक सांगून गेला. आम्ही तिघं तिथेच थांबलो, पट संपेपर्यंत. घरून आणलेला डबा मी उघडला, कोणी खाल्लं नाही. भोंग्यावर लोक ओरडले की बाबांचं डावं पाऊल गाडीच्या तळावर हलायचं. उन्हं कलली तसा भोंगा थांबला आणि कोणाची जोडी पहिली आली तेही आम्ही रस्त्यावर बसून ऐकलं.

ट्रॅक्टर आला. चालक उतरून दोर बांधायला लागला, मागची चाकं पाहून थबकला. तोंडाचा फटकळ माणूस. "भाऊ, चारही ओढणाऱ्या गाडीले मांगं मोठे चाकं? म्हूनच फुटला तुमचा डबा! कोन्या गाढवानं सांगितलं हे?"

खिडकी उघडी होती. भावाने एक क्षणही जाऊ दिला नाही. "मीच टाकले," तो म्हणाला. "माह्यंच डोकं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, दिवसभर बसून थकले असतील. घरापर्यंत भाऊ स्टीअरिंग धरून बसला होता आणि बाबा शेजारी, पुढे ट्रॅक्टरचा धूर. वाटेत भाऊ दोनदा म्हणाला, "रस्ताच खराब होता बाबा. चाकायचं काही नाई. चाकं एक नंबर आहेत." बाबांनी डोळे उघडले नाहीत.

नंतर गाडी दुरुस्त झाली. भावाने पुढच्या चाकांनाही तशीच रिम टाकून चारही चाकं सारखी करून घेतली, आणि बाबांच्या पायाखाली ठेवायला लाकडी पाटही बनवला. बाबा गाडीत पुन्हा बसले नाहीत. अंगणात आणलं की ते खुर्ची गाडीकडे पाठ करून ठेवायला लावायचे. उन्हाळा लागायच्या आधी एका सकाळी भावाने चहा नेला, तर बाबा गेलेले होते.

तेराव्याला काका आले. पाहुणे ओसरीत बसले होते. काका भावाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "एक इचारतो, राग नोको मानू. तुमा बापलेकायचं काही वाकडं आलं होतं का?"

"नाई जी. काहून?"

"पटानंतर मी त्याले भेटाले आलो होतो, तू वावरात गेला होता. त्यानं मले हाताले धरून गाडी दाखवली. मांगचं चाक दाखवलं, अन् आपल्या छातीवर धपाधप मारून घेतलं. लय रडला. मंग तुह्या खाटेकडं हात केला, तोंडापुढं बोटं नाचवले, भांडतेत तसे, अन् नाई नाई केलं. मी म्हटलो, पोरगा भांडते का? तं नाई. बोलत नाई का? तं नाई. मले काही समजलं नाई बाप्पा. मले वाटलं तू त्याच्यावर रागात असशील, म्हूनच भांडणं बी सोडलं असशील."

भाऊ ऐकत होता. त्याच्या हातातली सुपारी तशीच राहिली. मला वाटलं तो रडेल. तो उठला, ओसरीतून आत गेला, बाबांच्या रिकाम्या खाटेपुढे उभा राहिला आणि आमच्या लहानपणी ज्या आवाजात भांडायचा त्या आवाजात ओरडला, "कोनं सांगितलं होतं मागचे दोनच टाकाले? आँ? समजते का तुमाले काही गाडीतलं? घरात बसून शहाणपणा शिकवता! मले इचाराचं नाई का एकदा?"

त्याची बायको धावत आत गेली. मी तिला दारातच अडवलं. भाऊ दोन्ही हात कमरेवर ठेवून खाटेकडे पाहत उभा होता, बाबा आता काय म्हणतात त्याची वाट पाहत.